न हरवलेला कुत्रा

३ जून

मावशी,

नमस्कार, तब्येतीची चौकशी, आईबाबा मजेत, हे सगळं लिहिलंय असं समज, कारण मला धीर नाहीये. फोनवर तू नुसती 'हं' करतेस आणि मागे कुणाचं तरी कुत्रं केकाटत असतं, म्हणून पत्र. माझ्या अक्षराला हसू नकोस. इंग्रजी शाळेत घालायचा निर्णय तुझ्या बहिणीचा, तेव्हा जोडाक्षरांची जबाबदारीही तिचीच.

तर आमचं पान आठवतंय ना? 'घरी चल'. हरवलेल्या प्राण्यांचे फोटो टाकायचे, लोक ते पुढे पाठवतात, कुणीतरी ओळखतं आणि प्राणी घरी जातो. चौदा महिन्यांत एक्केचाळीस प्राणी, मावशी, आणि मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवत असते ते सांभाळून. एक मांजर सोफ्यात झोपून सामानाच्या ट्रकमधून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलं होतं, ते फोटोवरून दोन तासांत सापडलं. एका पोपटाचा तर नुसता आवाज टाकला होता. तो सारखा 'चपला बाहेर काढ' म्हणायचा. एका माणसाने खाली लिहिलं, ही माझ्या आईची ओरड आहे, मी येतो न्यायला.

बेचाळिसावा तो कुत्रा. बसस्टॉपच्या बाकाखाली बसून असायचा. बदामी रंग, पुढचा डावा पंजा मोजा घातल्यासारखा पांढरा, उजव्या कानाला खाच, शेपटीचं टोक वाकडं. बस आली की मान उंच करायचा, माणसं उतरून गेली की परत खाली बसायचा. दुकानात जाता-येता मी दोन दिवस बघितलं, तिसऱ्या दुपारी राहवलं नाही. बिस्किटं दाखवून, दोरी बांधून घरी आणला. फोटो काढले, सगळ्या खुणा बारीकसारीक लिहिल्या आणि पोस्ट टाकली. संध्याकाळपर्यंत चारशे लोकांनी शेअर केली होती.

दुसऱ्या दिवशी एका बँकेतल्या साहेबांचा मेसेज आला. त्यांचा कोको आठ महिन्यांपूर्वी हरवला होता. पंजा, कान, शेपूट, सगळं जुळतंय म्हणाले. रविवारी तिघं आली, ते, त्यांची बायको आणि नऊ वर्षांची मुलगी. मुलगी गुडघ्यांवर बसली आणि तिने त्याच्या गळ्यात हात टाकले. व्हिडिओत मागे मीही दिसते, मीच रडत होते.

तो व्हिडिओ दोन लाख दहा हजार लोकांनी पाहिलाय. वाचनालयाची माणसं २८ तारखेला माझा सत्कार करणार आहेत. मी, सत्कार! आईने साडी काढून ठेवलीय. तू तुझा तो ठोकळा फोन टाकून दे आणि कुणाच्या तरी फोनवर बघ.

तुझी,
भिंगरी

१० जून

भिंगरे,

पत्र मिळालं. अक्षर वाचता आलं, यातच सगळं आलं.

व्हिडिओ आमच्या डॉक्टरांच्या फोनवर पाहिला. ते तुझ्याहून जेमतेम चार वर्षांनी मोठे, त्यामुळे त्यांना फोनमध्ये सगळं सापडतं, फक्त कपाटातली बँडेजं सापडत नाहीत. मी दवाखान्यात सगळ्यांना बोलावून दाखवला. ही माझी भाची म्हटलं. मांजरीचं पोट दाखवायला आलेल्या आजींनाही दाखवला, त्यांनी दोनदा पाहिला. निळा रंग तुला शोभतो. मुलगी गोड आहे.

बावीस वर्षं मी इथे जनावरांच्या जखमा बांधतेय, म्हणून आमची पद्धत तुला सांगते. सापडलेलं जनावर न्यायला कुणी आलं की आम्ही त्याला बाहेरच्या बाकावर बसवतो. जनावर आधी दाखवत नाही. आधी त्याने सांगायचं. आणि दारावर जो कागद लावतो त्यात एक खूण मुद्दाम लिहिलेली नसते. ती ज्याला सांगता येईल त्याचं जनावर. एकदा एक बाई 'पांढरी आहे आणि म्याव करते' एवढ्यावर मांजर मागायला आल्या होत्या. नाही म्हटलं तर माझ्यावरच चिडल्या, मला माझी मांजर कळत नाही का म्हणून.

तू कुठली खूण राखून ठेवली होतीस? त्यांनी जुने फोटो दाखवले का? आणि कोको म्हटल्यावर तो ओ देत होता का? सहज विचारतेय.

सत्काराला पोट भरून जा. भाषणं लांबतात.

मावशी

१७ जून

मावशी,

तुझं 'सहज' मला चांगलं माहीत आहे. आई म्हणते, तुझं सहज म्हणजे पोलिसांच्या चौकशीची पहिली पायरी.

खूण राखून वगैरे ठेवली नव्हती. माहिती जितकी जास्त तितकी पोस्ट पुढे जाते, हे तुमच्या दारावरच्या कागदासारखं नसतं. फोटो त्यांनी दाखवला, पिल्लू असतानाचा, जरा अंधुक होता. आणि तो शेपूट हलवत होता, मावशी. व्हिडिओत दिसतंय. आठ महिने बाहेर काढल्यावर नाव विसरला असेल तर त्यात काय एवढं.

काही लोक कमेंटमध्ये काहीबाही लिहितात. कुणाचं चांगलं चाललं की असे येतातच, त्यांना ट्रोल म्हणतात. मी लपवून टाकते.

एक माहिती हवी होती, पानासाठी. कुत्रा एकाच कानाने बहिरा असू शकतो का? आणि कळतं कसं?

घाई नाही. पण लवकर लिही.

भिंगरी

२२ जून

भिंगरे,

असू शकतो. काही जन्मापासून असतात, काही म्हातारपणाने होतात, आणि काहींच्या एकाच बाजूला वर्षानुवर्षं मोठा आवाज असतो म्हणून. लाकूड कापायच्या वखारीतला एक यायचा आमच्याकडे, त्याचं तसंच होतं. कळतं असं, की हाक कुठून आली ते त्याला उमगत नाही. भलतीकडेच बघतो. बहिऱ्या बाजूने अचानक हात लावला तर दचकतो. दचकलेला कुत्रा चावूही शकतो, आणि मुलांची तोंडं नेमकी त्याच्या तोंडाच्या उंचीवर असतात. हे नीट वाच.

आता माझं. तुझी आई फोनवर सांगत होती, तू हल्ली दुकानात मागच्या खोलीत काचा पुसत बसतेस आणि काउंटरवर यायला नको म्हणतेस. ज्या मुलीला शाळेत बोलायचं थांब म्हणून बाकावर उभं केलं होतं ती गिऱ्हाइकांना घाबरायला लागली? कुणाला चुकीचा नंबर लावून दिलास की काय?

घाई नाही आणि लवकर लिही ही दोन वाक्यं माणूस शेजारी-शेजारी कधी लिहितो ते मला कळतं. काय झालंय?

मावशी

३० जून

मावशी,

हे पत्र मी तीनदा फाडलंय.

१४ तारखेला, शनिवारी, दुकानात एक काका आले. साठीचे असतील. डोळ्याच्या ऑपरेशननंतर देतात तो काळा चष्मा होता, मला वाटलं नंबर काढायला आलेत. बाहेर त्यांचं चाक उभं होतं, पायाने फिरवून कात्र्या-सुऱ्यांना धार लावतात ते. माझ्यासमोर उभं राहून त्यांनी विचारलं, "कुत्र्यांचे व्हिडिओ टाकणारी मुलगी इथेच काम करते ना?"

मी म्हटलं, "ती सुट्टीवर आहे."

मावशी, विचारसुद्धा केला नाही मी. दुसऱ्या कुणाबद्दल बोलावं तसं तोंडातून निघून गेलं. हातात कुणाचीतरी फ्रेम होती, तिचा स्क्रू मी पिळत राहिले.

त्यांनी काळा चष्मा नीट केला. मग म्हणाले, "ती आली की सांगा, त्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही. सहा वर्षं चाकाच्या उजव्या अंगाला बसतो, कान गेला त्याचा. हाक उजवीकडून मारायची. डावीकडून कुणी हात लावला की घाबरतो. त्या घरात लहान मुलगी आहे ना, म्हणून सांगायला आलो."

कुत्रा परत द्या असं ते म्हणालेच नाहीत. एवढं सांगितलं आणि चाक ढकलत गेले.

दहा दिवस मी स्वतःला समजावत होते की ते खोटं बोलत असतील. मग तुझं पत्र आलं, आणि मी बसस्टॉपच्या समोरच्या चहावालीकडे गेले. ती म्हणाली, तो पाहुणा. काकांच्या मागे मागे आला आणि दोन दिवस राहील म्हणून ठेवला, त्याला सहा वर्षं झाली, नाव पाहुणाच राहिलं. काका आठवडाभर डोळ्याच्या दवाखान्यात होते. तिथे कुत्रा चालत नाही, म्हणून त्याला बसस्टॉपवर सोडून बसमध्ये चढले. तो त्यांची वाट बघत बसला होता. चहावाली दोन्ही वेळेला खायला घालत होती. बाकामागे त्याचं पाण्याचं भांडं अजून आहे, मी पाहिलं. मी नेला तेव्हा ती दुपारची घरी गेली होती. "त्या रस्त्यावर शेंबड्या पोरालाही माहीत आहे पाहुणा कुणाचा ते," म्हणाली. "विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

तो हरवलाच नव्हता, मावशी. मी त्याला हरवलं. मी फोनवर हजारो लोकांना विचारलं आणि रस्ता ओलांडून एकीला विचारलं नाही.

आणि ट्रोल म्हणून मी जिच्या कमेंट लपवल्या ती चहावालीच. 'हा कुत्रा धारवाल्यांचा आहे' असं ती सारखी लिहीत होती. चार लपवल्या, पाचवीला तिला ब्लॉक केलं. त्या व्हिडिओनंतरच आल्या, तोवर कुत्रा गेलेला होता.

हे सगळं माहीत असून मी परवा सत्काराला गेले. प्रमाणपत्र आहे, फ्रेम केलेलं, 'प्राण्यांची सखी' लिहिलंय. लोकांनी मुलांना माझ्यासोबत उभं करून फोटो काढले. मी प्रत्येक फोटोत हसलेय.

आईला काही माहीत नाही. काका रोज बँकवाल्यांच्या सोसायटीच्या बाहेरून चाक घेऊन जातात, असं चहावाली म्हणाली. आत सोडत नाहीत त्यांना. काय करू ते सांग.

भिंगरी

५ जुलै

भिंगरे,

रागावायला कागद घेतला होता. पण आधी माझं सांगते, मग बघू रागावायचा हक्क किती शिल्लक राहतो.

व्हिडिओ पाहिला त्या दिवशीच मला कळलं होतं. शेपूट हलत होती, पण खाली, पायांच्या मधे. ओठ चाटत होता, तोंड फिरवत होता, डोळ्यांचं पांढरं दिसत होतं. इतका घाबरलेला कुत्रा आमच्या टेबलावर आला तर मी आधी त्याच्या तोंडाला पट्टा बांधते. मुलीने डाव्या कानाशी हाक मारली आणि तो उजवीकडे बघायला लागला. डॉक्टर म्हणाले, किती गोड. मी म्हटलं, हो ना. सगळ्या दवाखान्याला बोलावून बसले होते, आता कुठल्या तोंडाने सांगणार होते? आणि तुझा सत्कार होता. म्हटलं, तेवढा होऊन जाऊ दे. तुला दोन आडवळणाचे प्रश्न विचारले आणि स्वतःला शहाणी समजून झोपले. त्या माणसाचे हे चार आठवडे माझ्याही गळ्यात आहेत.

आता तू. आधी त्या काकांकडे जा, बँकवाल्यांकडे नंतर. फोन घरी ठेव. जे केलंस ते सगळं सांग, दुकानातलं पण. आणि तिथे रडू नकोस. तू रडलीस की त्यांना तुझी समजूत काढावी लागेल, आणि ते काम त्यांचं नाही.

अजून एक. ती कमेंट पहिल्यांदा कधी आली ते पुन्हा आठवून बघ. 'व्हिडिओनंतरच' लिहिताना पेन एवढं दाबलंयस की पलीकडे उमटलंय. मला सांगितलं नाहीस तरी चालेल, त्यांना सांग.

मावशी

१४ जुलै

मावशी,

पहिली कमेंट आधी आली होती.

रविवारी सकाळी, ते लोक यायच्या तासभर आधी. 'हा धारवाल्यांचा पाहुणा आहे, ते दवाखान्यात आहेत, उद्या येतायत.' मी वाचली. मी फोन खिडकीत टेकवून ठेवला होता, उजेड छान होता, निळा ड्रेस घातला होता. आणि खरं सांगू, माझ्या मनात आलं, रस्त्यावर चाक फिरवणाऱ्या माणसाकडे राहण्यापेक्षा मोठ्या घरात बरा. मग लपवून टाकली. एक दिवस थांबायचं होतं फक्त.

काका सायकलच्या दुकानामागच्या खोलीत राहतात. चाकाला तेल घालत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सुट्टीचं सांगायला लागले तर म्हणाले, "माहीत आहे. व्हिडिओत बघितलं होतं ना मी तुम्हाला."

मी विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललात?

"तुम्ही घाबरला होतात. घाबरलेल्याला धरायला गेलं की पळतो."

मी रडले नाही. म्हणजे तिथे नाही.

मग आम्ही दोघं बँकवाल्यांकडे गेलो. काका कोपऱ्यावर थांबले, मी एकटी आत. साहेब खूप बोलले. आमच्या मुलीशी खेळ मांडलायत का, तुम्हीच जगभर दाखवलंत ना, आता आम्ही लोकांना काय सांगायचं? सगळं बरोबर होतं. मी कानाचं सांगितलं. त्यांनी डावीकडून टाळी वाजवली तर त्याने मान उजवीकडे केली. मग त्यांची बायको, ती शाळेत शिकवते, हळूच म्हणाली की तिला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. कोकोला ती पिल्लू असल्यापासून दाराशी झोपू द्यायची नाही, तो कधी दाराशी जायचाच नाही. हा दारापासून हलायचा नाही. "पण ही आठ महिन्यांनी पोटभर जेवली होती," मुलीकडे बघत म्हणाली. साहेब खाली बसले.

मुलगी सगळं ऐकत होती. तिने मला एकच विचारलं, "मग कोको कुठे आहे?"

मावशी, तो हरवल्याची पोस्टही आमच्याच पानावर होती, आणि कोको सापडला म्हणून ती मी त्याच दिवशी काढून टाकली होती. पाच आठवडे त्याला कुणीच शोधत नव्हतं.

पट्टा सोडून मी पाहुण्याला गेटबाहेर आणलं. तो नुसता उभा राहिला, कुठे जायचं ते कळेना. काकांनी हाक मारली नाही. त्यांनी चाकाला पाय लावला आणि एक जुनी सुरी टेकवली. तो आवाज झाला मात्र, हा असा सुटला की वळणावर पाय घसरून पडला, उठला, परत पळाला आणि चाकाच्या उजव्या अंगाला जाऊन बसला. काकांनी चाक थांबवलंच नाही. बराच वेळ ती एकच सुरी घासत होते. मान खाली होती. वर खिडकीत ती मुलगी उभी होती. माझे दोन्ही हात रिकामे होते आणि ते कुठे ठेवायचे ते मला कळत नव्हतं.

मला वाटलं, झालं. पण नाही झालं. तिसऱ्या दिवशी काकांना दोन मुलांनी रस्त्यात अडवलं. हा व्हायरल झालेला कुत्रा आहे, त्या मुलीचा, कुठून उचललास? फोटो काढले त्यांचे. एका बाईने धार लावायला दिलेली कात्री परत मागितली. माझ्या व्हिडिओमुळे स्वतःच्या कुत्र्यासोबत चालताना ते चोर दिसतात, मावशी.

मी लगेच सगळं खरं लिहून पोस्ट टाकली, चहावालीची माफी मागितली, लपवलेल्या कमेंट परत दाखवल्या. कोकोचीही पोस्ट पुन्हा टाकलीय. माझ्या पोस्टखाली काय आलं माहितीये? लाल बदाम. 'किती मोठं मन', 'अशी माणसं हवीत'. चुकीबद्दल इतकं कौतुक माझं आयुष्यात झालं नव्हतं. आणि ती पाहिली नऊ हजार लोकांनी. व्हिडिओ पाहिला होता दोन लाखांनी. तो काढून टाकला, पण लोकांनी आपापल्या फोनमध्ये ठेवलाय.

काकांना विचारलं काय करू. म्हणाले, "जेवढ्या मोठ्याने तो त्यांचा म्हणून सांगितलंत, तेवढ्या मोठ्याने माझा म्हणून सांगा." तेवढा मोठा आवाज आता माझ्याकडे नाही.

भिंगरी

१८ जुलै

भिंगरे,

आवाज नसेल तर पाय आहेत. त्यांना रोज ज्या गल्ल्यांमध्ये जावं लागतं त्या दोन लाख नाहीत.

मी इथे सगळ्यांना सांगितलं, की व्हिडिओतला कुत्रा घाबरलेला होता आणि मला दिसत होतं. डॉक्टर म्हणाले, तुम्ही बोलायला हवं होतं. एवढंच म्हणाले. मला दिवसभर त्यांच्यासमोर जावंसं वाटलं नाही. मांजरवाल्या आजींना अजून सांगायचंय, त्या गुरुवारी येतात.

मावशी

२७ जुलै

मावशी,

आज गल्ल्यांमधला पहिला रविवार.

सकाळी आठला काकांच्या खोलीशी गेले. ते नको म्हणाले, तुम्ही कशाला उन्हात. तरी मी मागे मागे चालायला लागले. पाहुण्याने एकदा वळून बघितलं, मग माझ्याकडे लक्ष दिलं नाही. बिस्किटं मी यावेळी नेली नव्हती.

पहिल्या दारात बाई कात्री घेऊन आल्या आणि कुत्र्याकडे बघून थबकल्या. मी रात्रभर एक मोठं वाक्य पाठ केलं होतं. ते गेलं. मी म्हटलं, "हा कुत्रा यांचा आहे. मी चुकून दुसऱ्यांना दिला होता. हे विचारायला आले तेव्हा मी यांच्याशी खोटं बोलले."

काका चाकामागून म्हणाले, शेवटचं सांगायची गरज नाही. मी म्हटलं, असू दे, मला सांगू दे.

सतरा दारं झाली. काही लोक नुसते बरं म्हणाले. एक आजोबा म्हणाले, तू कोण पण? त्यांनी व्हिडिओ पाहिलाच नव्हता, मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, आणि सगळं झाल्यावर ते म्हणाले, मग आता माझी सुरी कोण घेणार? एकीने दारच लावलं. ज्या बाईंनी कात्री परत मागितली होती त्यांनी ती पुन्हा आणून दिली, काकांच्या डोळ्यांत न बघता, आणि मला म्हणाल्या, माझ्याही तोंडून काय काय निघालं होतं.

बाराव्या दारात माझ्याच वयाची मुलगी होती. तिने मला ओळखलं, ओरडलीच, आणि फोन घेऊन आली. मला, कुत्र्याला आणि काकांना एका फोटोत हवं होतं तिला. मी ते वाक्य तिलाही सांगितलं. शेवटच्या भागाला तिचा हात खाली आला. "पण तू तर किती चांगली वाटायचीस," म्हणाली. वाईट हेतूने नाही. खरंच आश्चर्य वाटलं होतं तिला.

तुला वाटेल एवढ्या वेळा सांगून सोपं झालं असेल. वाक्य लहान होत गेलं, सोपं नाही झालं. प्रत्येक दारात वाटायचं की इथे नको सांगूया, इथे कुणाला काही माहीत नसेल. आणि प्रत्येक वेळी काका धार लावता लावता थांबायचे, माझ्याकडे बघायचे नाहीत, फक्त चाक थांबायचं. मग मी बोलायचे.

दुपारी बसस्टॉपपाशी आलो. चहावालीने तीन ठिकाणी ठेवलं, काकांना चहा, पाहुण्याला पाणी आणि मलाही चहा. मी ब्लॉक केलं होतं हिला, मावशी. काका चहा पिऊन उठले, मान वळवून पुढची गल्ली दाखवली आणि म्हणाले, "ही लांब आहे. सावली नाही कुठे. पाणी पिऊन घ्या, ताई."

मी पाणी प्यायले. त्यांच्याकडे बघता नाही आलं. मग आम्ही गेलो.

भिंगरी